दिवसा सोनं, रात्री गराडू

इंदूरच्या सराफ्यात दिवसा ग्रॅम-मिलिग्रॅमचा हिशेब चालतो आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांवर पाव-पाव किलोची एकेक जलेबी तळली जाते. मधे अंतर असतं ते जेमतेम अर्ध्या तासाचं. रात्री आठ-साडेआठला सराफ तिजोरी बंद करतो, शटर ओढतो, कुलूप हलवून पाहतो. तोवर पायरीशी गॅसची शेगडी, कढई आणि पिठाचं पातेलं येऊन थांबलेलं असतं. शटर जमिनीला टेकलं की कढई चढते. तिथून पुढे रात्री दीड-दोनपर्यंत गल्ली खाणाऱ्यांची. सकाळी पुन्हा तराजू.

रात्रीचे खाऊबाजार जगात पुष्कळ आहेत. तैपेईला आहेत, बँकॉकला आहेत, माराकेशचा तर प्रसिद्धच आहे. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना हक्काचा चौक, मैदान किंवा रस्ता आहे. सराफा चौपाटीला स्वतःची म्हणावी अशी वीतभर जागा नाही. ती रोज रात्री दुसऱ्याच्या दारात उभी राहते आणि रोज पहाटेपूर्वी निघून जाते. हे कसं जमतं, असा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर सराफ्यात मिळत नाही. त्यासाठी दिवसभर इंदूर हिंडावं लागतं. कारण एका गोष्टीचा दोनदा उपयोग करायची खोड या अख्ख्या शहराला आहे. आजचा दिवस मी तुमचा वाटाड्या. सकाळी राजवाड्यापासून सुरुवात करू आणि रात्री त्याच्याच मागच्या गल्लीत पोचू.

सकाळ : तीनदा जळलेला वाडा

आधी पोहे. इंदुरी पोह्यांची परात खाली उकळत्या पाण्याचं भांडं ठेवून वाफेवर राखतात. त्यामुळे सकाळी सहाला केलेले पोहे दहाला खाल्ले तरी चिवट लागत नाहीत. आत बडीशेप, वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू आणि जीरावन नावाचा मसाला. जीरावनमध्ये धणे, जिरं, बडीशेप, आमचूर, काळं मीठ, हिंग असं बरंच काही असतं. ही चव लक्षात ठेवा, रात्री पुन्हा भेटेल. सोबत जलेबी. पोह्यांबरोबर जलेबी हे मराठी माणसाला पहिल्यांदा विचित्र वाटतं, दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

राजवाड्यासमोर उभं राहिलं की मान वर करावी लागते. सात मजले, खालचे तीन दगडाचे, वरचे चार लाकडाचे. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर पेशव्यांच्या फौजेतून माळव्याचे सुभेदार झाले आणि १७४७ मध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. वाडा १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं जाळला, १९०८ मध्ये पुन्हा आग लागली, आणि १९८४ च्या दंगलीत तिसऱ्यांदा. त्या वेळी दर्शनी भाग तेवढा वाचला. दर वेळी उरलेल्या भागाला धरून नवा भाग उभा राहिला. १९८४ नंतरचा मोठा जीर्णोद्धार २००६-०७ चा. समोर दिसतो तो वाडा म्हणजे निरनिराळ्या शतकांतल्या दुरुस्त्यांची बेरीज आहे. मागच्या सराफ्यात आगीची चर्चा निघते तेव्हा या तीन तारखा आठवाव्यात.

समोरच्या बागेत अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. चौंडीची ही लेक १७६७ ते १७९५ राज्य करत होती, पण राजधानी इंदूर नव्हती. त्यांचा कारभार नर्मदाकाठच्या महेश्वरहून चाले. इंदूर राजधानी झालं ते एका पराभवामुळे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांकडून हरली, १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर दरबार इंदूरला आला. लढाया थांबल्या, तलवारीला काम उरलं नाही, आणि शहराचा कारभार हळूहळू पेढ्यांच्या हाती गेला.

पेढ्यांकडे पैसा कुठून आला, याची गोष्ट फार मागे जाते. सुमारे साडेसहा कोटी वर्षं मागे. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला, त्याच लाव्ह्याचे थर माळव्याखाली आहेत. तो दगड झिजून काळी माती झाली. ती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपल्यावरही तीत पीक उभं राहतं. कापूस आलाच, आणि एकोणिसाव्या शतकात जोर धरला तो अफूनं. माळव्याची अफू मुंबईहून जहाजानं चीनला जाई. तिचे सौदे, हुंड्या, सट्टा, सगळं सराफांच्या पेढ्यांवर चाले. पैसा किती साचला असेल याचा एक अंदाज: खंडवा-इंदूर रेल्वे बांधण्यासाठी महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारलाच एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं. सरकारला कर्ज देणारं संस्थान!

होळकरांच्या राणी कृष्णाबाईंनी बांधवलेलं गोपाळ मंदिर आणि खान नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्या जवळच आहेत. पाय मोकळे करत बघून घ्या. चालताना मराठी कानावर पडेल. दोनशेहून अधिक वर्षांची मराठी वस्ती आहे ही. मराठी साहित्य संमेलन इथे तीनदा भरलं, १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. लता मंगेशकरांचा जन्मही इथलाच, १९२९ चा.

दुपार : नदीपलीकडचं स्वयंपाकघर

होळकरांच्या लालबाग महालाचं बांधकाम १८८६ ते १९२१ असं रेंगाळत चाललं. फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकावर बेतलेलं, इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेलं. आत संगमरवर, झुंबरं, छतावर रंगवलेले युरोपी देव आणि नाचताना पायाला उसळी मिळावी अशी लाकडी जमीन. लोक याचे फोटो काढतात. मला अप्रूप वाटतं ते तिथे नसलेल्या गोष्टीचं: महालात स्वयंपाकघर नाही. ते खान नदीच्या पलीकडच्या काठावर होतं, आणि ताटं यायची ती नदीखालून काढलेल्या बोगद्यातून. धूर नको, फोडणीचा ठसका नको, आगीची भीती नको. राजाच्या घराण्यानं चुलीला नदीपार हाकललं, आणि त्याच शहरातल्या सराफांनी ती आपल्या तिजोरीच्या दाराशी येऊ दिली. इंदूरचं सगळं कोडं या दोन चुलींमधल्या अंतरात आहे.

पुढे माणिकबाग, ती बाहेरूनच. यशवंतराव होळकर दुसरे आणि त्यांचा जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसिउस, दोघंही विशीतले. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी इथे असा महाल उभा केला की ज्यात ना घुमट ना कमानी: सरळ रेषा, धातू, काच, आणि त्या काळात दुर्मीळ असलेलं वातानुकूलन. रोमेनियन शिल्पकार ब्रांकुशीची ‘आकाशातला पक्षी’ या मालिकेतली तीन शिल्पं महाराजांनी घेतली होती. ती ठेवण्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं म्हणून ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. मंदिर मात्र झालं नाही. त्यांतले दोन संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत, आणि महालात केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. जिथे राजा राहायचा तिथे आता करवसुली होते. इमारत मोकळी पडली नाही, हे इंदूरच्या स्वभावाला धरूनच झालं.

तिसरा प्रहर : एका मूर्तीच्या एकवीस

उन्हं कलताना इतवारिया बाजारात या. काच मंदिर बाहेरून साधं पांढरं दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं सर सेठ हुकुमचंद जैन यांनी. कापसाच्या गिरण्या आणि सट्ट्यातले अंदाज यांच्या जोरावर देशभर नाव झालेला हा माणूस. आत पाऊल टाकलं की जमीन, भिंती, खांब, छत, सगळीकडे काच. रंगीत तुकड्यांची चित्रं, आणि गाभाऱ्यापाशी समोरासमोर आरसे. त्यात मूर्तीची २१ प्रतिबिंबं दिसतात असं सांगतात. मोजायला लागा, सात-आठनंतर डोळे दगा देतात.

त्यामागे साधं कारण आहे. आरसा आपल्यावर पडलेला सगळा प्रकाश परत देत नाही, प्रत्येक उसळीला थोडा गिळतो. एका आरशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असं जाता जाता प्रकाश मंद होत जातो. शिवाय साध्या काचेत लोहाचा अंश असतो, तो लाल रंग थोडा अधिक शोषतो. म्हणून दूरची प्रतिबिंबं अंधुक आणि हिरवट होत जातात. हिशेबानं ती अनंत असायला हवीत. प्रत्यक्षात प्रकाश वाटेतच संपतो.

संध्याकाळ : एका दिवसाचा महाराजा

सराफ्याला अजून वेळ आहे. तोवर १९१७ ची गोष्ट ऐका. इंदुरात प्लेग होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार शहराचा आराखडा करायला आला होता. मोजमापं घेत गल्लीबोळांत फिरणारा हा दाढीवाला गोरा म्हणजे काहीतरी अशुभ, अशी कुजबुज लोकांत सुरू झाली. त्यानं दरबाराकडे एक विचित्र मागणी केली: मला एका दिवसापुरता महाराजा करा. आणि जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेनं जाणार नाही, ज्या भागातली घरं आणि रस्ते सगळ्यांत स्वच्छ असतील तिथून जाईल. शहर झाडायला लागलं. मिरवणुकीत हत्ती होते, प्लेगचा भलाथोरला उंदीर होता आणि नवे शुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार होते. शेवटी रोगाच्या राक्षसाला जाळलं. दंडाच्या नोटिशीनं जे होत नाही ते मानाच्या मिरवणुकीनं झालं. गेडिसचा दोन खंडांतला अहवाल १९१८ मध्ये आला. शंभर वर्षांनी, २०१७ पासून हेच शहर देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिलं आलं, हा योगायोग असेल. पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एव्हाना वारा फिरलेला जाणवेल. माळव्याची रात्र उत्तर हिंदुस्थानात पूर्वीपासून नावाजलेली आहे. पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, हवा कोरडी, आभाळ बहुधा मोकळं. दमट हवेतली वाफ जमिनीची उष्णता अडवून धरते, म्हणून मुंबईची रात्र दिवसाइतकीच घामट. इथे अडवायला कुणी नाही, उष्णता सरळ आभाळात निघून जाते. मे महिन्यात दुपारी चाळीसवर गेलेला पारा पहाटेपर्यंत पंधरा अंशांनी उतरतो. मुंबई-कोकणात उन्हाळ्याच्या रात्री कढईशेजारी उभं राहवत नाही. इथे मध्यरात्री गर्दी होते.

रात्र : सराफा

आता चला. इथल्या खाण्याकडे नुसतं जीभ घेऊन जाऊ नका, डोळे उघडे ठेवा.

जोशींच्या दहीबड्यापासून सुरुवात करा. इथे दह्यात बुडालेला वडा द्रोणासकट हवेत उंच उडवतात. द्रोण वर जातो, खाली येतो, हातात बसतो. दह्याचा थेंब सांडत नाही. बघणारे ओरडतात, आणि ही जादू हाताची आहे असं समजतात. हाताचं कसब आहेच, द्रोण तिरका होऊ न देणं हे सोपं नाही. पण अर्धं काम गुरुत्वाकर्षण करतं. द्रोण हातातून सुटल्या क्षणापासून तो, वडा आणि दही या तिघांना पृथ्वी सारख्याच वेगवाढीनं ओढत असते. कुणी कुणाच्या पुढे जात नाही, कुणी मागे राहत नाही. त्या सेकंद-दीड सेकंदात दह्याला द्रोणात वजनच नसतं. सांडायला त्याला कारण नसतं. अंतराळवीर यानात तरंगतात त्याचं कारणही हेच. खरा धोका झेलताना असतो, म्हणून झेलणारा हात द्रोणाबरोबर थोडा खाली जाऊ देतात. मग एकाच चिमटीत चार-पाच मसाले घेऊन बोटांच्या वेगवेगळ्या फटींतून एकेक सोडतात: हे मीठ, हे तिखट, हे जिरं. भेसळ होत नाही. याचं स्पष्टीकरण मात्र विज्ञानाकडे मागू नका, तो सराव आहे.

थंडीत गेलात तर गराडू. आपल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद. पावसाळाभर वेल वाढतो, पानं वाळली की सगळं पिष्ट खाली कंदात उतरलेलं असतं, म्हणून थंडी हाच त्याचा हंगाम. कच्चा सोलताना हात खाजतात. त्यात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. तो दोनदा तळतात. पहिल्या तळणीत आत शिजतो आणि पाणी निघून जातं. मग निवू देतात. निवताना पिष्ट घट्ट बसतं. गिऱ्हाईक आलं की कडकडीत तेलात दुसरी तळणी, आणि तेव्हा बाहेर पातळ, खुसखुशीत कवच धरतं. वर लिंबू आणि सकाळचं तेच जीरावन. कवच फुटल्याचा आवाज कानात येतो आणि आत लोण्यासारखा मऊ गर.

भुट्ट्याचा कीस पावसाळ्यात सगळ्यांत चांगला, कारण कणीस तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचं पिष्टात रूपांतर होऊ लागतं. कोवळं कणीस किसून तुपात हिंग-जिऱ्यावर परततात आणि दुधात आटवतात. दाटपणा येतो तो मक्याच्या स्वतःच्या पिष्टामुळे, पिठाची गरज पडत नाही.

साबुदाण्याच्या खिचडीपाशी मराठी माणूस अडतो. इथे ती कढईत परतत नाहीत. भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवतात, आणि गिऱ्हाइकासमोर त्यात मसाला, लिंबू, बटाट्याचा चिवडा टाकून कालवतात. दाणे मोत्यांसारखे सुटे. आपल्या घरच्या खिचडीशी तुलना करू नका. हा वेगळा पदार्थ आहे.

शेवटी जलेबा, म्हणजे ताटलीभर पसरणारी एकच जलेबी. तिच्यात पाक शिरतो कुठून? पीठ गरम तेलात पडलं की आधी बाहेरची साल घट्ट होते, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पोकळी करते. जलेबी तेलातून काढून लगेच कोमट पाकात टाकतात. आतली वाफ निवते, आकसते, आणि ती रिकामी झालेली जागा पाक ओढून घेतो. थंड झालेली जलेबी पाकात टाकली तर ती नुसती बाहेरून चिकट होईल.

आता सकाळपासून राहिलेला प्रश्न. सराफाच का? इंदुरात सांगतात की तिजोऱ्यांच्या गल्लीत रात्री सामसूम नको म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना ओट्यावर बसू दिलं. शेकडो लोक खात उभे असताना कुलपाला हात लावायची हिंमत कोण करील? पहारेकऱ्याला पगार द्यावा लागतो. खवय्या उलट पैसे देऊन पहारा करतो. हे एकट्या इंदूरचं नाही. अहमदाबादचा माणेक चौकही दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खाण्याचा. सराफी दुकानं संध्याकाळी बंद होतात, ती शहराच्या जुन्या दाट वस्तीत असतात, त्यांच्यापुढे ओटे असतात, आणि त्यांना रात्रभर माणसांची जाग हवी असते. हे सगळं एकत्र आलं की शटरासमोर कढई चढते.

आणि सराफाला वाया जाण्याचा तिटकारा असतो, हेही आहे. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा फुकट जात नाही. झारेकरी तो गोळा करतात आणि पाण्यात घोळवून धुतात. सोनं पाण्याच्या १९ पट जड, माती अडीच-तीन पट. माती वाहून जाते, कण तळाशी बसतात. जो धंदा झाडूखालच्या धुळीतून पैसे काढतो, तो आपली अख्खी गल्ली रात्रभर रिकामी कशी ठेवील?

खाल्लेल्या द्रोणांचं आणि उष्ट्याचं काय होतं, तेही बघा. इंदूर ओला आणि सुका कचरा जागच्या जागी वेगळा करतं. फेब्रुवारी २०२२ पासून शहराचा ओला कचरा एका प्रकल्पात जातो. त्याची क्षमता रोज ५५० टनांची. तिथे हवेशिवाय जगणारे जीवाणू तो कुजवतात, त्यातून मिथेन निघतो, तो शुद्ध करून शहराच्या बसगाड्यांत भरतात, आणि जे उरतं त्याचं खत होतं. खताची गोष्ट तर इथे जुनीच. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञानं इंदूरच्या संशोधन केंद्रात पालापाचोळा, शेण आणि माती थर देऊन, वरखाली करून खत करण्याची रीत बसवली. सेंद्रिय शेती करणारे जगभरातले लोक तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात.

सगळं असं सुरळीत असतं तर मी इथेच थांबलो असतो. पण अलीकडे सराफच कुरकुरू लागले आहेत. गाड्या वाढल्या, गॅसच्या टाक्या वाढल्या, मोमो-नूडल्सवाले आले, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि आग लागली तर बंब शिरणार कुठून, असं ते विचारतात. गर्दी कमी करा, जुने पदार्थ तेवढे राहू द्या, अशी त्यांची मागणी आहे. ज्या गर्दीच्या भरवशावर आजोबा निर्धास्त झोपायचे, तिचीच नातवाला धास्ती वाटते. माझ्या मते दोघंही बरोबर आहेत. ही चौपाटी कायद्यानं वा आराखड्यानं आलेली नाही. ओटेवाला आणि कढईवाला या दोघांना परवडत होतं तोवर ती चालली. ती टिकवायची तर पुन्हा त्या दोघांनीच एकत्र बसून ठरवायला हवं की या गल्लीत किती कढया मावतात. राजवाडा तीनदा जळून तीनदा उभा राहिला, कारण त्यामागे दौलत होती. गराडूवाल्याकडे ओट्याशिवाय दुसरं काही नाही.